खाईल त्याला औषध

ग्लासात तळ्याचंच पाणी घ्यायचं. औषध लावून वाळवलेले दहा-बारा दाणे त्यात टाकायचे आणि पाच मिनिटं गप्प बसून बघायचं. ऑक्सिटेट्रासायक्लिनची पूड पिवळी असते. दाण्याभोवती पिवळा धूर सुटायला लागला की समजायचं, आपण माशाला नाही, तळ्याला औषध पाजतोय.

ही परीक्षा मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. नोकरीला चार वर्षं झाल्यावर आणि कितीतरी किलो औषध पाण्यात घालवून झाल्यावर, एका दुपारी ती आपोआप घडली. चहा पिऊन झाला होता, ग्लास विसळून त्यात पाणी भरलं होतं, आणि हाताला चिकटलेले दोन-तीन दाणे त्यात पडले. पाणी हळद कालवल्यासारखं झालं. शेजारी ताडपत्रीवर दोन क्विंटल खाद्य तसंच कालवून तयार होतं आणि तळ्याचा मालक माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मी ग्लास ओतून टाकला. काही बोललो नाही. ते खाद्य तसंच तळ्यात गेलं.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी 2007 साली आंध्रात गेलो. कोल्लेरू सरोवरातली बेकायदा तळी सरकारनं आदल्याच वर्षी फोडली होती, तरी भोवतालच्या कैकलूर, आकिवीडू, भीमावरम या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर तळीच होती. बांधावर नारळ, बांधाखाली पाणी, पाण्यात बांबूंच्या रांगा, आणि प्रत्येक बांबूला बांधलेलं एक पोतं. रोहू-कटल्याला तिथं खाद्य फेकत नाहीत. खताच्या रिकाम्या पोत्यांना तळाशी बारीक भोकं पाडतात, त्यात भाताचा कोंडा आणि पेंड भरतात आणि पोती पाण्यात अर्धी बुडवून बांधतात. मासे खालून तोंड लावून ओढून खातात. तास-दोन तासांत पोतं हलकं होतं. पद्धत साधी, स्वस्त, आणि खाद्य वाया न घालवणारी. मासा आजारी पडला की याच कोंड्यात औषध कालवायचं. कोंडा कोरडा, औषध कोरडं. पोतं पाण्यात उतरलं की औषध भोकांतून आधी बाहेर पडायचं आणि मासा मागून यायचा. आम्ही ते वर्षानुवर्षं केलं.

तेलुगूत औषधाला ‘मंदु’ म्हणतात आणि दारूलाही मंदुच. होडीवरचा म्हातारा गडी मला विचारायचा, “आज मंदु कुणाला, माशाला की मला?” पहिलं वर्षभर मला तो विनोद वाटायचा. पुढं कळलं की खोच त्यात होती. आम्ही देत होतो ते बऱ्याचदा रोगाला नव्हतंच, मालकाची झोप लागावी म्हणून होतं.

या धंद्यातली मेख अशी की खाद्यातून औषध देणं म्हणजे भूक लागलेल्याला औषध देणं. जनावराला नाळीनं पाजता येतं, कोंबडीच्या पाण्यात कालवता येतं. आजारी कोंबडी खायची सोडते, पण बऱ्याचदा पाणी पिते. तळ्यातल्या माशाची गोष्ट उलटी. तो आजारी पडला की पहिल्यांदा खायचं सोडतो. ज्याच्या मूत्रपिंडात जिवाणू भरलेत, तो कोपऱ्यात पृष्ठभागाशी येऊन मंद पोहत राहतो, हाक मारली तरी हलत नाही. औषधाचे दाणे खातो तो त्याच्या शेजारचा धडधाकट मासा, आणि धडधाकटांतही जो दांडगा असतो तो दोघांच्या वाट्याचं खातो. म्हणजे आजारी मासा औषधाविना मरतो आणि निरोगी मासा दुप्पट डोस घेऊन पोहत राहतो. हे समजलं तेव्हा आधी मला फसवल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की औषध आजच्या आजाऱ्यांसाठी नसतंच. उद्या-परवा जे आजारी पडणार आहेत आणि आज अजून खाताहेत, त्यांच्यासाठी ते असतं. त्यामुळे एक दिवस उशीर म्हणजे पुष्कळ उशीर. आणि त्यामुळेच औषध सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस मरतूक कमी होत नाही. मालकाला हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावतो आणि तळ्यात दुसरं औषध जातं.

मग हिशेब. आम्हाला कॉलेजात डोस शिकवला होता तो माशाच्या वजनावर. फ्लोरफेनिकॉल असेल तर साधारणपणे किलोभर माशामागे रोज 10 मिलिग्रॅम, 10 दिवस. समजा एकरभर तळ्यात आठ हजार पंगस आहेत, सरासरी अर्ध्या किलोचे. म्हणजे चार टन मासा. चार टनांना रोज 40 ग्रॅम शुद्ध औषध. बाजारातली पूड दहा टक्क्यांची असेल तर 400 ग्रॅम पूड. आता खरा प्रश्न हा की ही 400 ग्रॅम किती खाद्याला लावायची? तब्येत चांगली असताना मासे वजनाच्या दोन टक्के खातात, म्हणजे 80 किलो. पण रोग आलाय, खाणं निम्म्यावर आलंय. अशा वेळी 80 किलोला औषध लावलं तर 40 किलो तरंगत राहणार आणि माशाच्या पोटात अर्धाच डोस जाणार. अर्धा डोस जिवाणू मारत नाही, त्याला तालीम देतो. म्हणून सगळी पूड 40 किलोला लावायची, तीही मासे आज ते नक्की संपवतील याची खात्री झाल्यावर.

हे शेतकऱ्याला समजावणं अवघड जायचं, कारण त्याच्या हातातल्या पाकिटावर बऱ्याचदा कोंबडीचं चित्र असायचं. डोसही कोंबडीचाच लिहिलेला असायचा, टनभर खाद्याला इतकं. किलोभराची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, वजनाच्या दहा टक्क्यांवर. अर्ध्या किलोचा पंगस खातो दहा ग्रॅम. टनाला तेवढंच औषध लावून माशाला दिलं तर त्याच्या पोटात पाचवा हिस्सा जातो. पाकीट खोटं नव्हतं. ते आमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती. एका तळ्यासाठी मी पन्नास टक्क्यांच्या पुडीचा हिशेब करून चिठ्ठी दिली, रोज 80 ग्रॅम. दुकानदाराकडे पन्नास टक्क्यांची नव्हती, त्यानं दहा टक्क्यांची दिली. नाव तेच, पाकिटाचा रंग तोच. मालकानं चिठ्ठीप्रमाणे 80 ग्रॅम मोजून लावली. नऊ दिवस मासे मरत राहिले आणि नऊही दिवस मी रोगाला दोष देत राहिलो. ‘यंदाचा जिवाणू चिवट आहे,’ असं छातीठोकपणे सांगितलं. दहाव्या दिवशी रिकामं पाकीट पायाखाली आलं म्हणून वाचलं. त्या माणसाला मी खरं सांगितलं, पण सगळं नाही. “पूड हलकी निघाली,” एवढंच म्हणालो. तेव्हापासून चिठ्ठीवर टक्केवारी लिहितो, तिच्याभोवती गोल करतो आणि पाकिटाचा फोटो मागवतो. फोनात आज कुणाच्या नसतील इतके औषधाच्या पाकिटांचे फोटो आहेत.

2013 मध्ये परत आलो ते इंदापूरकडे, उजनीच्या पाणलोटाला. इथं पाणी फुगून आलेली, चोपण झालेली रानं होती. ऊस पिवळा पडायला लागला तशी लोकांनी तिथं तळी काढली. पुढं 2016 ला ‘मागेल त्याला शेततळे’ आलं आणि द्राक्ष-डाळिंबासाठी काढलेल्या, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांतही लोक बीज सोडू लागले. पंगस आणि चिलापी. आंध्रातला मालक तीन पिढ्यांचा माशातला. इथला शेतकरी उसातला. त्याला औषध म्हणजे फवारणी. पान पिवळं दिसलं की पंप पाठीला, मासा मेला की पूड खाद्याला. घाई तीच. पण इथले लोक एक करायचे, ते विचारायचे. “सायेब, ह्ये औषध माशाच्या पोटात ऱ्हातंय किती दिस?” आंध्रात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मला उत्तर आलं नसतं.

खाद्याला औषध लावायची रीत मी इथं पहिल्यापासून नव्यानं शिकलो. पूड पाण्यात कालवून शिंपडली की दाणा भिजतो, फुगतो आणि फुटतो. कोरडी भुरभुरली की पोत्याच्या तळाशी जमते. आता आम्ही आधी पूड थोड्या सोयाबीन तेलात घोटून घेतो, आमटीत घालायच्या आधी बेसन कालवतात तशी, गाठ राहू द्यायची नाही. बारदानावर दाणे पातळ पसरायचे, त्यावर ते शिंपडायचं आणि दोघांनी समोरासमोर बसून हातानं वरखाली करायचं. फावड्यानं केलं की दाणा मोडतो. मग वरून आणखी तेलाचा हात, किलोला वीस-तीस मिलीचा. सावलीत अर्धा तास. उन्हात नाही, कारण ऑक्सिटेट्रासायक्लिन उन्हानं मरतं. तेल जास्त झालं तर पाण्यावर तवंग दिसतो आणि कमी झालं तर ग्लास पिवळा होतो. मोठ्या तळ्यांवर काँक्रीटचा छोटा मिक्सर वापरतात. तो आधी धुतलाय का, हे मी स्वतः हात घालून बघतो. एकदा त्यात सिमेंट होतं.

इतकं करूनही हे औषध इथं लागू पडेलच असं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असलेल्या जड पाण्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन त्यांना धरून बसतं आणि माशाच्या रक्तात फारच थोडं उतरतं. आमच्याकडची बोअरची पाणी जड. त्यात कुणीतरी त्याच आठवड्यात तळ्यात चुना मारलेला असतो.

एप्रिलमधली चिलापीची एक गोष्ट सांगतो. पाणी तिशीच्या वर गेलेलं. मासे गोल गोल गिरक्या घेत होते, डोळे बाहेर आलेले, काहींच्या डोळ्यांवर पांढरा पडदा. असं दिसलं की स्ट्रेप्टोकॉकसचा संशय पहिला. तो प्रयोगशाळेतून पक्का झाला, फ्लोरफेनिकॉल चालू केलं. चौथ्या दिवशी मरतूक चाळीसवरून तीनवर आली. मालक खूश. त्यानं मला फोन केला नाही, औषध बंद केलं. राहिलेली पाकिटं त्यानं मेव्हण्याच्या तळ्यासाठी दिली, तिथं तर काही रोगही नव्हता. नवव्या दिवशी पहाटे फोन. “पुन्हा फिरायला लागलेत.” पाचवा दिवस ते दहावा दिवस हे औषधाचे सगळ्यात महागडे दिवस, कारण तेव्हा सगळं बरं दिसत असतं. दुसऱ्या खेपेला औषध आधीसारखं लागलं नाही. त्या तळ्यातली निम्मी चिलापी गेली.

ज्याला औषध लागतच नव्हतं अशी प्रकरणं तर मोजायलाच नकोत. पावसाळी ढगाळ पहाटे मासे तोंड वर काढून पाणी गिळत होते. ते ऑक्सिजन मागत होते, लोक अँटिबायोटिक देत होते. अंगावर लाल ठिपके म्हणून दहा दिवस औषध दिलेल्या एका तळ्यावर मी मासा हातात घेतला तर त्याच्या अंगावर उवा चालत होत्या, भिंगाशिवाय दिसणाऱ्या. थंडीत खपल्या आणि जखमा पडतात त्या रोगाच्या मुळाशी बुरशी असते. विषाणूचं तर बोलायलाच नको. पण दुकानात या सगळ्यांवर एकच पाकीट मिळायचं, आणि ते मी विकत होतो. ही गोष्ट टाळून पुढं जाणं सोपं आहे, म्हणून इथं थांबतो. मी ज्या कंपनीत होतो तिथं खाद्याच्या टनेजवर पगार होता आणि औषधावर इन्सेंटिव्ह. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मला तळ्यांत जास्त रोग दिसायचे.

त्याच काळात मी एक तक्ता केला होता. कंपनीच्या रंगीत कागदावर, माझ्या अक्षरात. ‘दर पंधरवड्याला 3 दिवस, प्रतिबंधक डोस.’ शेतकऱ्यांनी तो शेडमध्ये गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावला होता. अशाच एका शेडमधून दोन-अडीच वर्षांनी मी नमुने नेले. जिवंत पण मरायला टेकलेले मासे, बर्फावर, पण बर्फाला न चिकटता. दोन-तीन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मुलीनं मला बश्या दाखवल्या. जेलीवर जिवाणूंची साय धरलेली आणि तिच्यावर औषधाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवलेल्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडतं, चंद्राला खळं पडावं तसं. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या टिकलीला साय अगदी चिकटून वाढली होती. टिकली जणू तिथं नव्हतीच. मुलगी म्हणाली, “सर, हे आधी बरंच वापरलं असेल ना यांनी?” मी ‘हो, असेल’ म्हणालो. शेडमध्ये परत गेलो तेव्हा मालक घरी जेवायला गेला होता. मी तक्ता काढला, घडी करून खिशात घातला. बाकीच्या सोळा शेडमधले तक्ते काढायला दीड महिना लागला. कारण काय सांगायचं, ते ठरत नव्हतं. बहुतेकांना सांगितलं, नवा येणार आहे.

आणि बाजार. औषधाच्या सहाव्या दिवशी एका तळ्यावर गेलो तर पाणी गढूळ, बांधावर बर्फाचा चुरा आणि गाडीच्या चाकांचे व्रण. रात्री व्यापारी आला, भाव बरा दिला, मासा उपसला. मालक माझ्या वयाचाच, डोळ्याला डोळा न देता म्हणाला, “मरण्यापरीस इकलेला बरा, दादा.” खरं होतं त्याचं. कर्ज त्याचं, मासा त्याचा. औषध बंद केल्यावर शरीरातून ते निघून जायला वेळ द्यावा लागतो. युरोपात, ठरवून दिलेली मुदत नसली, तर हा वेळ पाण्याच्या तापमानाशी बांधलेला असतो, 500 अंश-दिवस. दहा अंशांच्या पाण्यात पन्नास दिवस, आपल्या तीस अंशांच्या पाण्यात सतरा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही माशात ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. निर्यातीच्या कोळंबीचे नमुने तपासले जातात, परदेशातून कंटेनर परत येतात, म्हणून त्या धंद्याला थोडी शिस्त लागली. गावच्या बाजारातल्या पंगसाला कोण परत पाठवणार? त्या सकाळी मी बाजारातून गेलो तेव्हा तो मासा टोपल्यांत होता. मी तो ओळखला, कारण शेपटीशी जाळ्यानं घासलेली ती खूण मी दोन दिवसांपूर्वी बघितली होती. विकणारी मावशी म्हणाली, “ताजा हाय, घिऊन जा.” मी घरी बांगडा नेला.

नॉर्वेचं उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात देतात. 1987 च्या सुमारास तिथं पन्नास हजार टन माशांमागे जवळपास पन्नास टन अँटिबायोटिक लागायचं. मग लशी आल्या, एकेका माशाला टोचायच्या. आता बारा लाख टनांवर मासा आणि औषध टनाच्या आत. ऐकायला छान वाटतं. पण तो सामन, त्याला मोल आहे. आमच्या चिलापीला सुई टोचायची मजुरीच चिलापीहून महाग पडेल. त्यामुळे आमच्याकडे राहतं ते इतकंच: बीज दाट सोडायचं नाही, पहाटे एरेटर चालू ठेवायचा, मेलेला मासा तळ्यात राहू द्यायचा नाही, आणि खाणं बघायचं.

खाणं बघणं मी शिकलो ते ओडिशातून आलेल्या एका पोराकडून. शेडमध्ये राहायचा, दिवसातून दोनदा खाद्य टाकायचा. लिहिता येत नव्हतं. सकाळच्या प्रत्येक बादलीमागे भिंतीवर कोळशाची रेघ ओढायचा. एकदा फोनवर म्हणाला, “सर, आज मछली नीचे से खा रहा है.” तळ्यात एकही मेलेला नव्हता, मालक म्हणाला, पोरगं येडं आहे. मी गेलो. एरवी दाणे पडताच पंगस उसळून येतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं, अंगावर शिंतोडे येतात. त्या दिवशी पाणी नुसतं थरथरलं. एखाद्या दाण्याखाली वर्तुळ उठायचं, दाणा नाहीसा व्हायचा, पुन्हा शांत. भिंतीवर सहा दिवस चार-चार रेघा, मग तीन, आणि आज दोन. त्या दोन रेघा बघून मी त्या तळ्यावर जे निदान केलं, ते वेळेवरचं माझं पहिलं असावं. मासे कापून पाहिले, मूत्रपिंडावर पांढरे ठिपके नुकते सुरू झाले होते. नमुने पाठवले, औषध चालू केलं, दहाही दिवस दिलं, आणि मालकाला पुढचे तीन आठवडे विक्री नाही असं लेखी करून घेतलं. तो चिडला, पण सही केली.

आता मी कुणाच्या पगारावर नाही, बोलावतील त्या तळ्यावर जातो. फोन आला की पहिला प्रश्न विचारतो, “खातंय का?” गेलो की कुणाला काही विचारायच्या आधी साधे, बिनऔषधाचे पसाभर दाणे मागतो, वाऱ्याच्या दिशेनं फेकतो आणि बांधावर उकिडवा बसतो. मालक शेजारी उभा असतो, पाकिटं हातात घेऊन. वारा दाणे हळूहळू पलीकडच्या काठाला नेत असतो. मी ते मोजतो.